वाशिष्ठीस, रंग न देता

चंडीगड,
ज्येष्ठातला शनिवार

श्रीमती वाशिष्ठीबाई यांस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल संध्याकाळी तुला बघायला एक मुलगा येऊन गेला.

इतक्या वर्षांत तुला पत्र लिहायची वेळ आली नाही. तू अंगणातच होतीस. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुझी नाळ दिसायची आणि जे सांगायचं ते भांडी विसळता विसळता सांगून व्हायचं. आता जे सांगायचं आहे ते तोंडून निघत नाही, म्हणून कागद घेतला. वर 'श्रीमती' आणि 'यांस' लिहिलं ते मनापासून लिहिलं आहे. पुढे मात्र मी 'तू'च म्हणणार. बाबांच्या होडीलाही घरात कुणी अहो-जाहो केलं नव्हतं.

मुलगा मोहालीचा. कंपनीत नोकरी, वय असेल अठ्ठावीस-तीस. फाटकातून आत येता येताच म्हणाला, "आंटीजी, बजट छोटा है." मला तो तिथेच आवडला. मग त्यानं तुझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. डोलकाठीच्या पायाशी असलेलं ते पांढुरकं ठिगळ बघितलं, नाळेवरचे ओरखडे बघितले, उन्हानं विटलेला कडेचा पट्टा बघितला आणि विचारलं, "बेचनी थी तो पेंट क्यों नहीं कराया? रेट अच्छा मिलता."

त्याला मी तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिलं. तुला मात्र सगळं सांगायला हवं, कारण त्यात तुझा दोष काहीच नव्हता आणि बोलणी मात्र तू खाल्लीस.

२०१०चा हिवाळा आठव. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हाती आली होती, तिच्यात भिशीचे पैसे घातले आणि ८० हजार झाले. सेक्टर ३०मधल्या सीएसआयओत मी तेव्हा उपकरणं दुरुस्त करायची. सगळ्यांना वाटलं बाई आता बांगड्या करेल, नाहीतर फ्रीज बदलेल. मला होडी हवी होती. त्याच वर्षी मे महिन्यात कमांडर दिलीप दोंदे शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले होते. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' गोव्यात, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली, ५६ फुटांची. ती बातमी मी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती. हाउसिंग बोर्डाच्या आमच्या अंगणात ५६ फूट मावले नसते. १३ मावले असते.

त्याआधी मी एक मोटारबोट बघून आले होते, रोपडच्या बाजूला. स्वस्त होती. पण इंजिन जुनं, सुटे भाग मागवायचे मुंबईहून, आणि इंजिन आलं की सर्वेक्षण आलं, नोंदणी आली. तेव्हाच ठरवलं की हातात पैसा बेताचा असेल तर शीड आणि वल्हं एवढ्यावरच थांबायचं. आता तर २०२१चा अंतर्देशीय जहाज कायदाही इंजिनाच्या आणि बिनइंजिनाच्या नावांना वेगवेगळं धरतो. काल त्या मुलाला हेच सांगितलं. जुनं इंजिन गळ्यात पडलं, तर होडी फुकट मिळाली तरी महाग जाते.

तुझी खबर मला चंडीमंदिर छावणीतल्या एका सुभेदारसाहेबांकडून मिळाली. मूळचे साताऱ्याकडचे, बॉम्बे सॅपर्सचे. गणपतीत ओळख झाली आणि मग ते येतच राहिले. जुनी होडी म्हटल्यावर आमच्या यांनी नाक मुरडलं, तेव्हा सुभेदार म्हणाले, "साहेब, 'तृष्णा'पण जुनीच घेतली होती." आणि ते खरं आहे. १९८५ ते ८७ या काळात लष्कराच्या इंजिनिअर अधिकाऱ्यांनी जगाला फेरी घातली ती इंग्लंडात विकत घेतलेल्या, ३७ फुटांच्या, आधी दुसऱ्याच्या मालकीच्या असलेल्या यॉटमधून. सुभेदारांनी मला एकच ताकीद दिली होती, "वहिनी, माझ्याशिवाय घेऊ नका."

मी त्यांच्याशिवाय घेतली. त्या रविवारी त्यांची ड्युटी होती आणि मला धीर नव्हता.

पंचकुल्यातल्या त्या अंगणात तू उभी होतीस, पांढरीशुभ्र, कडेला निळा पट्टा, रंगाचा वास अजून अंगाला. माठ वाजवून घ्यायचा हे मला आईनं शिकवलं होतं. बैलाचे दात बघायचे, त्याला चार पावलं चालवून बघायचं, आणि शिंगं ताजी रंगवलेली असली तर दुसऱ्यांदा बघायचं, हे मामानं शिकवलं होतं. आणि बाबा! दाभोळला वाशिष्ठीच्या तोंडाशी त्यांची तर, म्हणजे उतारूंची होडी, चालायची. आषाढात ती ओढून झावळ्यांखाली उलटी ठेवायचे आणि नारळी पौर्णिमेच्या आधी उंडीचं तेल पाजायचे. कुणी म्हणालं, रंग द्या की एकदा, तर म्हणायचे, "रंगाखाली लाकूड काय करतंय ते मला दिसत नाही." एवढं सगळं गाठीशी असून त्या दिवशी माझा हात पुढे झाला नाही. ज्याच्या दारात उभी आहे त्याच्याच वस्तूवर ठोकून बघायचं कसं, असा संकोच वाटला. ५२ हजार मोजले आणि तुला घरी आणलं.

तुला पाणी दिसायला त्यानंतर दहा महिने लागले. ट्रेलरची नोंदणी होडीपासून वेगळी करावी लागते. एका कार्यालयात तीन महिने हेलपाटे घातले. तिथल्या माणसाला ट्रेलर म्हणजे ट्रॅक्टरमागची ट्रॉली एवढंच माहीत, आणि माझ्याकडे ट्रॅक्टर का नाही हे त्याला कळेना. शेवटी ऑक्टोबरात, भाक्रा धरणामागचा गोबिंद सागर काठोकाठ असताना, बिलासपूरला तुला पाण्यात सोडलं. पहिला तासभर तू अशी चाललीस की यांच्या चेहऱ्यावर लग्नात नव्हतं तेवढं हसू होतं. मग तू जड झालीस. वळेनास. एका कुशीवर कललीस ती उठायलाच तयार नव्हतीस. वल्हवत काठाला आणलं, हवेच्या टाकीचं झाकण उघडलं, तर आत तीन बादल्या पाणी.

परतीच्या रस्त्यावर मी तुला फसवी म्हटलं. पुढे कित्येक महिने तोच शब्द माझ्या तोंडी होता. त्याबद्दल आज, लेखी, माफी मागते.

कारण मार्चमध्ये सुभेदार आले ते लाकडी हातोडा घेऊन. तुला दोन टायरांवर उपडी घातली, मला गप्प बसायला सांगितलं आणि नाळेपासून ठोकायला सुरुवात केली. हलक्या हातानं, चार-चार बोटांच्या अंतरानं. टण, टण, टण. कोरडा, भरीव आवाज, पक्क्या माठासारखा. मग पोटाखाली मध्यावर आले, जिथे वरून डोलकाठीचा पाय रेटतो, आणि आवाज बदलला. थप्. ओल्या भिंतीवर थापटल्यासारखा. त्यांनी खडूनं खूण केली. पुन्हा टण, टण, थप्. असं करत करत ताटाएवढं वर्तुळ खडूनं आखलं गेलं. रंग खरवडला तर खाली मोटारीच्या पत्र्याला लावतात ती लांबी, तिच्याखाली चीर आणि चिरेभोवती फायबरचे थर एकमेकांपासून सुटलेले. कुणीतरी चीर बघितली होती, बुजवली होती आणि वरून पांढरं केलं होतं. तू फसवलं नव्हतंस गं. तुझ्या तोंडावर हात ठेवला होता.

त्या उन्हाळ्यात मी तुझ्याकडून शिकले ते प्रयोगशाळेत तीस वर्षांत शिकले नव्हते. रेझिन जानेवारीच्या थंडीत धरत नाही, चिकट राहतं. चंडीगडात ते काम मार्च-एप्रिलमध्येच उरकायचं. सुटलेले थर दया न दाखवता घासून काढायचे, चांगलं लागेपर्यंत, आणि कडा उतरत्या ठेवायच्या, मग मॅटचा एकेक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा. गल्लीतल्या लोकांनी वासाची तक्रार केली, त्यांना मी तिळगूळ उशिरा का होईना दिला. शीड बघताना कापड नव्हे, आधी शिवण बघायची. नखानं दोरा ओढला आणि तुटला तर ऊन त्यात शिरलेलं आहे. तुझी शिडं अंबाल्यात ताडपत्र्या शिवणाऱ्याकडून पुन्हा शिवून घेतली, पॉलिएस्टरच्या दोऱ्यानं, आणि तो माणूस तुझ्या निळ्या कापडावरून हात फिरवत म्हणाला, "ये तो पतंग है." डोलकाठीला धरणाऱ्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवायचा. एखादा पीळ तुटला असेल तर तो कापूस पकडतो, बोट कापून घ्यायची गरज नाही. अॅल्युमिनियमच्या डोलकाठीत पोलादी रिबिट बसवलेले असतात, त्यांच्याभोवती पांढरी पूड जमली असेल तर आत धातू खाल्ला जातोय. आणि टाकीचं झाकण उघडून नाक आत घालायचं. कोरड्या होडीला फक्त बंद कपाटाचा वास येतो.

सगळं मिळून २३ हजार लागले. ८० मधले ५ उरले. ८० घेऊन मी ८०ची होडी बघायला गेले असते तर आज हे पत्र घ्यायला तू नसतीस.

आता तुझी गाऱ्हाणी. पहिलं गाऱ्हाणं मला ठाऊक आहे. सुखना इतका जवळ, आणि तुला तिथे एकदाही नेलं नाही.

अगं, तो तलाव तुझ्या-माझ्यासारख्यांच्या घरच्या होडीसाठी नाही, आणि मला त्याचा राग येत नाही. १९५८मध्ये सुखना चो नावाचा ओढा अडवून तो केला, वास्तुकार ल कॉर्बुझिए आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा यांनी. बंधाऱ्यावर मोटारी येऊ द्यायच्या नाहीत, तिथे शांतता हवी, हा कॉर्बुझिएचा आग्रह. शिवालिकच्या उघड्या टेकड्यांवरून गाळ इतका यायचा की १९७४मध्ये चोचं पाणी वळवावं लागलं. पुढे शहरातल्या माणसांनी श्रमदानानं गाळ उपसला. मी या गावात नवीन होते, मीही घमेली उचलली. १९८९मध्ये आशियाई रोइंग स्पर्धा तिथे झाल्या. २ मार्च २०२० रोजी उच्च न्यायालयानं तलावाला जिवंत व्यक्तीसारखे हक्क दिले. तिथे भाड्यानं मिळतात त्या नावा सिटको या सरकारी महामंडळाच्या. ट्रेलर मागे लावून कुणीही यावं आणि होडी सोडावी असं ते पाणी नाही.

पण एक सांगते, तुला बरं वाटेल. पिएर जॉनरे, कॉर्बुझिएचा चुलतभाऊ, १९५१ ते १९६५ इथे राहिला. घरं, शाळा, खुर्च्या सगळं त्यानं साध्या, स्वस्त सामानातून केलं. त्याच हातांनी त्यानं सुखनासाठी पायानं चालवायच्या छोट्या नावाही आखल्या. १९६७मध्ये तो जिनिव्हात गेला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे १९७०मध्ये त्याच्या अस्थी सुखनात सोडल्या. सेक्टर ५मधलं त्याचं घर बघून आले की मला वाटतं, तुझ्यासारख्या होडीचं त्याला मोल कळलं असतं. समुद्र शेकडो कोस लांब असलेल्या गावात तुला अंगणात ठेवणारी मी काही पहिली नाही.

तुझं दुसरं गाऱ्हाणं ट्रेलरचं, आणि त्यात तुझ्या बाजूनं मीच साक्ष देईन. होडी बघायला येतात ते होडीच बघतात, खालची गाडी कुणी बघत नाही. मीही नाही बघितली. पाणी तुला सोसतं, तुझ्या गाडीच्या चाकांना नाही. मैल न् मैल पळून तापलेलं बेअरिंग थंड पाण्यात बुडवलं की ते पाणी आत ओढून घेतं, ग्रीस दुधासारखं होतं, आणि पुढच्या प्रवासात चाक बसतं. आपलं स्वारघाटाच्या चढाला बसलं, आठवतं? रात्री नऊ वाजता, डोंगरात. ढाबेवाल्यानं तुला आपल्या खाटांशेजारी रात्रभर ठेवून घेतलं. त्यानंतर मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटात हलकी ढकलगाडी जोडून घेतली. रस्त्यावर ती मोठ्या ट्रेलरवर बसते, आणि काठावर आलं की तीच तेवढी तुला घेऊन पाण्यात उतरते. मोठा ट्रेलर पुन्हा कधी ओला झाला नाही.

आणि ते शेपूट हलवणं! कीरतपूरच्या अलीकडे मागची गाडी अशी डावी-उजवीकडे झुलायला लागली की यांना वाटलं टायर गेला. टायर ठीक होते. तू एक वीतभर मागे सरकून बसली होतीस, एवढंच. वजन चाकांच्या मागे गेलं की हुक हलका होतो आणि गाडी सापासारखी चालते. एकूण वजनाचा दहावा हिस्सा, निदान विसावा तरी, हुकावर पडला पाहिजे. तुला पुढे ओढली, पट्टे आवळले, आणि तू बिलासपूरपर्यंत शहाण्यासारखी आलीस.

तुझं कूळ काय, हे तुला कधी सांगितलं नाही. तू एंटरप्राइज जातीची. जॅक होल्ट नावाच्या इंग्रजानं १९५६मध्ये तुझी आखणी केली, आणि ती पुढे आणली एका वर्तमानपत्रानं. युद्धानंतरची तंगीची वर्षं होती. लोकांकडे छोट्या मोटारी आल्या होत्या, पैसे नव्हते. घरच्या पडवीत जुळवता येईल, छोट्या मोटारीमागे नेता येईल, दोघांना चालवता येईल अशी होडी हवी होती. विश्वास बसावा म्हणून दोन होड्या रात्रीच्या अंधारात इंग्लिश खाडी ओलांडून नेऊन दाखवल्या. शिडं निळी, वजन सुमारे ९० किलो, लांबी चार मीटर. शिडाची होडी म्हणजे श्रीमंतांचा खेळ असं कुणी म्हणालं की मला तुझ्या जन्माची ही गोष्ट सांगावीशी वाटते. तू जन्मलीसच बेताच्या पैशांसाठी. १९८२च्या दिल्ली आशियाई खेळांतल्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, तेव्हा तुझ्या जातीचं सुवर्णपदक पाकिस्तानच्या बैराम आवारींनी आपल्या पत्नीसह, गोश्पींसह, जिंकलं. नवरा-बायकोनं एका होडीत बसून न भांडता शर्यत जिंकणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांना तुझ्यामुळे कळलं.

तुझं तिसरं गाऱ्हाणं असेल की वर्षातून चार महिनेच पाणी. ते भाक्र्याला सांग, मला नको. २२६ मीटरचं धरण, २२ ऑक्टोबर १९६३ला नेहरूंनी राष्ट्राला अर्पण केलं. ते शेतांसाठी आणि विजेसाठी, आपल्यासाठी नाही. पावसाळ्याअखेर पाणी १६८० फुटांच्या आसपास चढतं आणि मे-जूनपर्यंत इतकं उतरतं की जिथे तू तरंगायचीस तिथे गुरं चरतात. उन्हाळ्यात एकदा तुला न घेता मी बिलासपूरला गेले होते. बुडालेल्या जुन्या गावाची देवळं गाळातून वर आलेली होती, शिखरांवर चिखलाचे थर, कळसाशी पोरं बसलेली. भादव्यात आपण त्यांच्यावरूनच गेलो होतो, माहीत आहे तुला? दुपारनंतर दरीतून वर वारा सुटला होता, कोळ्यांची जाळी सिल्व्हर कार्पसाठी पसरलेली होती, हे मधली फळी अर्धी वर ओढून बसले होते आणि मी सुकाणूवर. खाली गाभारे होते. घरं होती. लोक उठून गेले होते. त्या दिवशी मी गाणं म्हटलं नाही, एरवी म्हणायची. हात पाण्यात घालून तशीच बसले.

त्याच पाण्यात २०२२च्या ऑगस्टमध्ये बनूडकडचे ७ जण बुडाले. तरणी पोरं, आंघोळीला उतरली होती. काठ पायरीसारखा एकदम तुटतो तिथे. म्हणून काल त्या मुलाला मी किंमत सांगायच्याही आधी सांगितलं की होडी जुनी चालेल, लाइफ जॅकेट जुनं चालणार नाही. माझी दोन मी त्याला देणार नाही, कापून फेकणार आहे. त्यांचा फोम बसला आहे.

विकतेय का, हे तू विचारलं नाहीस, पण दोन पावसाळे तू विचारत उभी आहेस. यांच्या पाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वजन ओढायला बंदी केली. ढकलगाडीसकट तुला काठावरून वर ओढायला दोन धड माणसं लागतात, आणि मी एकटीच उरले आहे, तीही अडुसष्टची. दोन वर्षं तू आंब्याखाली ताडपत्री पांघरून उभी. गल्लीतली मुलं येता-जाता विचारतात, "दादीजी, किश्ती कब चलेगी?" पहिल्या वर्षी मी म्हणायची, बारिश के बाद. या वर्षी उत्तर दिलं नाही. फेब्रुवारीत ताडपत्री काढली तेव्हा तुझ्या पोटात आंब्याच्या पानांचा काढा झाला होता आणि त्यात एक बुलबुलाचं घरटं. होडी वापरानं झिजते त्यापेक्षा उभी राहून लवकर मरते, बाबांच्या तरीनंही तेच दाखवलं होतं. पूल झाला नव्हता, फेरी आली नव्हती, फक्त बाबा गेले होते, आणि दोन पावसाळ्यांत तिचं पठाण, तळाचं मुख्य लाकूड, कुजलं.

म्हणून तो मुलगा.

काल तो गाडीच्या किल्लीनं तुझ्यावर टकटक करायला लागला. मी त्याला थांबवलं. आत गेले, सुभेदारांचा हातोडा आणला. ते निवृत्त होऊन गावी गेले तेव्हा तो मलाच देऊन गेले होते. म्हटलं, यानं ठोक. नाळेपासून सुरू कर, घाई नको. त्याला आधी संकोच वाटला, तो मी ओळखला. मीच म्हटलं, जोरात ठोक बेटा, माल मेरा है, मुझे बुरा नहीं लगेगा. मग तुझ्या ठिगळापाशी त्याचा हात आपोआप हळू झाला. टण वाजलं. त्यानं पुन्हा ठोकलं. पुन्हा टण. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हा मी त्याला ती चीर, ती लांबी, ते सगळं सांगितलं, आणि रंग का दिला नाही तेही.

मग मी त्याला काय काय वाईट आहे ते दाखवलं. रागवू नकोस. डाव्या बाजूची तार दोन वर्षांत बदलावी लागेल. ट्रेलरचे टायर दिसायला जाड आहेत, पण बाजूनं भेगा गेल्या आहेत, रबर वयानं मरतं. पुढच्या शिडाची वरची आयलेट सैल आहे. मधल्या फळीच्या खाचेतून थेंब-थेंब येतं, ते मी कधीच पूर्ण थांबवू शकले नाही. त्यानं सगळं मोबाइलवर लिहून घेतलं. मग किंमत विचारली. मी ४० म्हटलं. तो म्हणाला, माझ्याकडे ४५ आहेत, कर्ज न काढता. म्हटलं, मग मला ३० दे. १५ घरी ठेव. टायर, तार आणि जॅकेटं झाल्याशिवाय तिला पाण्यात घालणार नाहीस असं मला सांग. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मैं रविवार को पापा को लेकर आता हूँ."

एवढं झालं की तुझ्याकडे विनंती करायची राहते.

त्याच्याशी माझ्याशी वागलीस तशी वाग, पण पहिल्या दिवसापासून. त्याला पहिल्याच फेरीत घाबरवू नकोस. त्याच्या हाताला शिडाची दोरी घट्ट धरून ठेवायची सवय लागेल, सगळ्यांनाच लागते. तेव्हा थोडी कलून त्याला सांग, पण उलथू नकोस. त्याला पोंगला जायचं आहे, महाराणा प्रताप सागरावर, हिवाळ्यात उत्तरेकडून पाखरं उतरतात ती बघायला. ते अभयारण्य आहे, आधी परवानगी घ्यावी लागेल, मी त्याला सांगितलं आहे. तिथे जाशील तेव्हा पाखरांपासून लांब राहा. आणि कुठे काही सुटलं, भिजलं, तुटलं, तर आत दाबून ठेवू नकोस. त्याला लगेच आवाज कळू दे. तो ऐकेल. काल मी त्याचे कान बघितले आहेत.

तुझं नाव राहू द्यायचं का, हे मी त्यालाच विचारलं. त्यानं अर्थ विचारला. नदी आहे, माझ्या माहेरची, म्हटलं. त्यानं तीन वेळा म्हणून बघितलं, वशिष्टी, वासिश्टी, वाशिष्टी. चौथ्यांदा जवळपास जमलं.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
सुकाणूवर बसणारी

ता. क. मागचं बूच मी काढून ठेवलं आहे, पावसाचं पाणी साचू नये म्हणून. ते निळ्या पिशवीत आहे आणि पिशवी सुकाणूच्या दांड्याला बांधली आहे, म्हणजे सुकाणू लावायला घेतल्यावर ती हातात येईलच. त्याला रविवारी सांगेनच, पण मी गडबडीत विसरले तर तू ती पिशवी त्याच्या हाताला लागू दे.